दोरी ओढण्याआधी: जुन्या चेनसॉची जमवाजमव आणि दुरुस्ती

जुनी चेनसॉ हाती आली की पहिला मोह होतो तो दोरी ओढून पाहण्याचा. टाकीत थोडे पेट्रोल घालायचे, प्लग पुसायचा, आठ-दहा झटके द्यायचे. पुष्कळदा इंजिन चालूही होते आणि त्या आनंदात माणूस रेस दाबून धरतो. मिनिटभरात आवाज चिरका होतो, वेग आपोआप वाढतो आणि मग एकदम सगळे थांबते. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकलेला असतो. वीस-तीस वर्षे फळीवर सुखरूप राहिलेले इंजिन असे क्षणात बाद होते.

प्रत्येक जुने यंत्र कधीतरी कुणीतरी शेवटचे बंद करून ठेवलेले असते. त्यामागचे कारण किरकोळ असू शकते. मालकाने नवे यंत्र घेतले असेल, कार्बोरेटर तुंबला असेल किंवा स्टार्टरची दोरी तुटली असेल. पण कारण गंभीरही असू शकते. ऑइल सील कडक होऊन क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरत असेल, मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापत असेल. यंत्र बंद का पडले हे कळल्याशिवाय ते चालू करायचे नाही, हा या छंदातला पहिला नियम. खरेदीपासून शेवटच्या ट्यूनिंगपर्यंतचे जवळजवळ प्रत्येक काम या एका प्रश्नाला धरून करता येते.

अमेरिका, कॅनडा, जर्मनी, स्वीडन या लाकूडतोडीच्या देशांत हा छंद रुजला, कारण तिथे ही यंत्रे मोठ्या संख्येने विकली गेली आणि पुढे गॅरेजांत, तळघरांत पडून राहिली. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शनिवारच्या गॅरेज सेलमध्ये किंवा एखाद्या शेतघराच्या लिलावात ती आजही दिसतात. महाराष्ट्रात जुनी चेनसॉ क्वचितच हाती लागते. पण ज्याने चेतक, लॅम्ब्रेटा, राजदूत किंवा येझदीचे इंजिन एकदा तरी उघडले आहे, त्याला चेनसॉचे इंजिन परके वाटणार नाही. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. गावातला जुना स्कूटर मेकॅनिक या यंत्रापुढे बसला तर अर्ध्या तासात रुळतो.

काय जमवायचे हे ठरवण्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा. जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी चेनसॉ बनवली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर आपली पेट्रोल चेनसॉ चालवून दाखवली आणि कंपनीलाही त्या डोंगराचेच नाव दिले. श्टीलचे पेट्रोल यंत्र १९२९ चे, वजन ४६ किलो. ही सगळी दोन माणसांनी उचलायची यंत्रे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली अमेरिकेची डिस्टन चेनसॉ, जिला मर्क्युरीचे इंजिन असे, तीही याच घराण्यातली. अशी यंत्रे देखणी असतात, पण नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. ती ठेवायला जागा लागते, उचलायला दुसरा माणूस लागतो आणि सुटा भाग मोडला तर तो लेथवर बनवून घेण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

चेनच्या दातांची गोष्ट तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सुरुवातीच्या चेनचे दात हातकरवतीसारखे खरवडत जात आणि त्यांना सारखी कानस मारावी लागे. ओरेगनमधले लाकूडतोडे जोसेफ बफोर्ड कॉक्स यांनी १९४६ मध्ये एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. अळीचे दोन जबडे डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने लाकूड कापत पुढे सरकत होते. त्या निरीक्षणातून त्यांनी डावा-उजवा वाकडा दात असलेली चिपर चेन घडवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला तिचा व्यवसाय सुरू केला. आजच्या चेनसुद्धा त्याच तत्त्वावर चालतात.

पुढचा टप्पा वजनाचा. लॉस एंजेलिसच्या रॉबर्ट मॅकलक यांनी १९४९ मध्ये ३-२५ हे मॉडेल आणले. त्याचे वजन २५ पौंड म्हणजे ११ किलोच्या आसपास होते आणि एका माणसाला ते दिवसभर वापरता येई. चेनसॉच्या धंद्यातून मॅकलक यांनी एवढा पैसा मिळवला की १९६८ मध्ये त्यांनी लंडन शहराकडून जुना लंडन ब्रिज चोवीस लाख साठ हजार डॉलरला विकत घेतला. दगडांवर क्रमांक घालून तो ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटीत आणवला. पूल १९७१ मध्ये तिथे पुन्हा उभा राहिला. मॅकलकची पिवळी यंत्रे आज संग्राहकांना प्रिय आहेत आणि त्यांच्या आकर्षणात या पुलाच्या कथेचाही वाटा आहे.

दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र सगळ्यात महत्त्वाचा बदल कार्बोरेटरचा. सुरुवातीच्या चेनसॉमध्ये मोटरसायकलसारखा फ्लोट असलेला कार्बोरेटर असे. तो आडवा केला की पेट्रोल बंद. म्हणून झाड पाडताना इंजिन उभेच ठेवून फक्त बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, आडवा फिरवायची सोय करावी लागे. डायफ्रॅमच्या कार्बोरेटरने ही अडचण संपवली. पातळ पडदा इंजिनाच्या ओढीने हलतो आणि पेट्रोलची सुई उघडतो. यंत्र उलटे धरले तरी फरक पडत नाही. टिलॉटसन कंपनीचे एचएल मालिकेतले कार्बोरेटर यासाठी प्रसिद्ध झाले. १९५९ ची श्टील काँट्रा, गिअरशिवाय चालणारी, सहा अश्वशक्तीची, १२ किलोची, याच काळातली. हुस्क्वर्ना ही १६८९ पासूनची स्वीडिश कंपनी. बंदुकांपासून सुरुवात करून तिने पहिली चेनसॉ १९५९ मध्येच बाजारात आणली. १९६३ ची अमेरिकन होमलाइट एक्सएल-१२ तर बार आणि चेन सोडून जेमतेम १२ पौंडांची, म्हणजे साडेपाच किलोची होती.

पहिले यंत्र म्हणून या एक्सएल-१२ चीच शिफारस करावीशी वाटते. ती आणि तिची भावंडे वर्षानुवर्षे बनत राहिली, त्यामुळे अमेरिकेत ती अजून स्वस्तात मिळते. वरचे झाकण काढले की कार्बोरेटर समोर दिसतो. सुटे भाग जुन्या यंत्रांतून निघतात, डायफ्रॅमचे किट नवे मिळते. युरोपात राहणाऱ्याने याच कारणांसाठी श्टीलच्या १९६० आणि ७० च्या दशकांतल्या मधल्या आकाराच्या मॉडेलांकडे पाहावे. मॅकलकची मिनी-मॅक मालिका छोटी आणि गोंडस असल्याने नवख्याला खुणावते. पण तिच्यात भाग इतके दाटीवाटीने बसवले आहेत की एक नळी बदलायला अर्धे यंत्र मोकळे करावे लागते. ती चौथी-पाचवी घ्यावी. ‘फार दुर्मीळ आहे’ असे विक्रेता सांगत असेल तर नवख्याने दोन पावले मागेच सरावे, कारण दुर्मीळ यंत्राचे सुटे भाग त्याहून दुर्मीळ असतात.

खरेदीच्या वेळी यंत्र उभ्या उभ्या तपासता येते. दोरी हळू ओढून आतले फिरते की नाही ते पाहावे. मग इंजिन बंद असताना, चेन अंगापासून दूर ठेवून, स्टार्टरच्या मुठीला धरून यंत्र उचलावे. कॉम्प्रेशन चांगले असेल तर ते लोंबकळत राहते किंवा टप्प्याटप्प्याने खाली उतरते. सरळ घसरत खाली गेले तर रिंग किंवा सिलिंडर गेलेला. परवानगी मिळाली तर सायलेन्सरचे दोन बोल्ट काढावेत आणि टॉर्चच्या उजेडात पिस्टन पाहावा. कडा गुळगुळीत आणि कारखान्यातल्या आडव्या रेघा शाबूत असतील तर उत्तम. उभे ओरखडे असतील तर ते कुठल्या बाजूला आहेत यावरून यंत्राची कहाणी कळते. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर ऑइल न घातलेले पेट्रोल किंवा हवेची गळती, असा संशय घ्यावा. इनटेकच्या बाजूचे ओरखडे फाटक्या एअर फिल्टरमधून गेलेल्या भुश्शाचे आणि मातीचे असतात.

आणखी एक पुरावा बहुतेक जण नकळत पुसून टाकतात. कार्बोरेटरवर एच आणि एल अशा दोन सुया असतात, एक पूर्ण रेससाठी, दुसरी आयडलसाठी. यंत्र उघडण्याआधी प्रत्येक सुई अलगद आत बंद करत किती फेरे लागले ते लिहून ठेवावे. सर्वसाधारणपणे दोन्ही एकेक फेरा उघड्या असतात. दोन-अडीच फेरे उघड्या सापडल्या तर आधीचा मालक जादा पेट्रोल देऊन कशाची तरी भरपाई करत होता असे समजावे, आणि ते ‘कशाची तरी’ बहुधा हवेची गळती किंवा तुंबलेला मार्ग असतो. झिजलेल्या डोक्याचे स्क्रूही बोलतात: हे यंत्र कुणीतरी आधी उघडले आहे आणि त्याच्याकडे धड हत्यारे नव्हती.

घरी आणल्यावर तपासणीचा क्रम कायम ठेवावा: कॉम्प्रेशन, ठिणगी, पेट्रोल. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी ते ऑइल निथळू द्यावे आणि कॉम्प्रेशन गेज लावावा. गेजच्या नळीची झडप प्लगच्या टोकाजवळ असलेली हवी, नाहीतर एवढ्या लहान सिलिंडरमध्ये आकडा खोटा कमी येतो. रेस पूर्ण उघडी ठेवून पाच-सहा झटके द्यावेत. १२० पीएसआयच्या वर असेल तर काम सुरू ठेवावे, ९० च्या खाली असेल तर आधी सिलिंडर उघडावा.

ठिणगीसाठी प्लग बाहेर काढून त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवायचा आणि दोरी ओढायची. आसपास पेट्रोल नको. ठिणगी नसेल तर कॉइल मेली असे जाहीर करायची घाई करू नये. वर्षानुवर्षे उघड्या पडलेल्या पॉइंटवर ऑक्साइडचा आणि तेलाचा पातळ थर बसतो. तो अतिशय बारीक पॉलिश पेपरने आणि मग क्लीनरमध्ये बुडवलेल्या कोऱ्या कागदाच्या पट्टीने पुसला की बहुतेक वेळा निळी ठिणगी परत येते. पॉइंटची गॅप बहुतेक मॉडेलांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, प्लगची अर्धा ते ०.६५ मिलिमीटर, आणि फ्लायव्हील व कॉइल यांच्यातली पाव मिलिमीटरच्या आसपास. फीलर गेज वापरावा, अंदाज नको. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. त्याच्याखाली पेचकस घालून उचकटले तर मॅग्नेशियमची क्रँककेस फुटते आणि ती जोडायला कुणी मिळत नाही. फ्लायव्हील निघालेच आहे तर त्याची चावीही पाहून घ्यावी. ती अर्धवट कापली गेली असेल तर टायमिंग सरकते. मग ठिणगी चांगली असूनही दोरी उलटा झटका देते.

पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्याजागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवणारेही बरेच आहेत. रोजच्या वापराचे यंत्र असेल तर ते ठीक. संग्रहातल्या यंत्रात मूळ पॉइंट असताना ते फेकू नयेत. निदान पुडीत बांधून यंत्रासोबत ठेवावेत.

आता पेट्रोलकडे. इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो द्यायला हवा. जुन्या चेनसॉचे धातूचे भाग सहसा टिकलेले असतात. म्हातारपण येते ते रबराला, कॉर्कला, कागदाला. टाकीतली मूळची लवचीक नळी तुकडे पडण्याइतकी कडक होते. टाकीच्या झाकणातली हवेची झडप चिकटते, आणि मग यंत्र पाच मिनिटे चालून पोकळी धरते व बंद पडते. झाकण उघडले की पुन्हा चालू होते. कार्बोरेटरचा डायफ्रॅम पापडासारखा कडक होतो. बोटाने दाबल्यावर तो आवाज न करता लवला पाहिजे. टिकटिक वाजला तर बाद. किटमधले दोन्ही पडदे, सगळी गॅस्केटे आणि सुई एकदम बदलावी. गॅस्केट आणि डायफ्रॅम यांचा क्रम पंप आणि मीटरिंग या दोन बाजूंना उलटसुलट असतो, म्हणून उघडताना मोबाइलवर फोटो काढावा. सुईचा छोटा दांडा किती उंचीवर बसवायचा हे त्या कार्बोरेटरच्या कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असते. तो जरासा वर राहिला की पेट्रोल ओसंडते, खाली गेला की इंजिन उपाशी राहते. आतली बारीक भोके तारेने कोरू नयेत, क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

भारतात २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, अमेरिकेत साधारण दहा टक्के. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि १९६० च्या दशकातले रबर त्याचा विचार करून बनवलेले नव्हते. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. अमेरिकेत डबाबंद इथेनॉलविरहित पेट्रोल मिळते. महाग असले तरी संग्रहातल्या यंत्राला वर्षाकाठी लागते कितीसे?

ऑइलच्या प्रमाणाबद्दल मोठा गोंधळ असतो. जुन्या यंत्राच्या टाकीवर १६:१ लिहिलेले असते, म्हणजे लिटरमागे ६२ मिलिलिटर. ते त्या काळच्या साध्या इंजिन ऑइलसाठी होते. आजचे चांगले टू-स्ट्रोक ऑइल, ज्यावर जासो एफडी असा दर्जा छापलेला असतो, ३२:१ ने म्हणजे लिटरमागे ३१ मिलिलिटर पुरते आणि बहुतेक अनुभवी संग्राहक तेच वापरतात. बोटीच्या इंजिनाचे ऑइल घालू नये, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ हेही पूर्ण खरे नाही. ऑइल वाढले की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी झाले. म्हणजे प्रमाण बदलले की सुया पुन्हा जुळवाव्या लागतात.

आता सुरुवातीला सांगितलेली गळती. कार्बोरेटरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडावर रबरी पत्रा दाबून दोन्ही वाटा बंद कराव्यात, प्लगच्या भोकातून हातपंपाने अर्धा बार दाब द्यावा आणि काटा पाहत बसावे. काटा उतरू लागला तर फ्लायव्हीलमागच्या आणि क्लचमागच्या सीलवर, सिलिंडरच्या बुडाच्या गॅस्केटवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे कुठे येतात ते दिसेल. मग पंप उलटा करून पोकळीची चाचणी घ्यावी. काही सील दाबाखाली घट्ट बसतात आणि पोकळीतच गळतात, म्हणून एकच चाचणी पुरत नाही. हा पंप महागडा नाही. नव्या रंगावर खर्च करण्याआधी तो घ्यावा. क्लच काढताना लक्षात ठेवावे की बहुतेक चेनसॉच्या क्लचला उलटे आटे असतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून जाड दोरीचे वेटोळे सोडावे, लोखंडी सळई नव्हे.

पिस्टन अडकल्यामुळे सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा थर लागला असेल तर घाबरायचे कारण नाही, पण सिलिंडर कसला आहे हे आधी ओळखावे. निकासीलचा थर असलेल्या सिलिंडरवर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा बोळा फिरवून ॲल्युमिनियम विरघळवतात. होमलाइटसारख्या क्रोमच्या सिलिंडरवर ते करू नये, कारण हे ॲसिड क्रोमही खाते. तिथे चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने, तिरकस रेघांत, धीराने घासावे. बिडाच्या सिलिंडरला होनिंग चालते. ॲसिड वापरायचेच असेल तर सिलिंडर क्रँककेसवरून उतरवून, उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून वापरावे आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे.

हीच सावधगिरी सफाईतही हवी. क्रँककेस आणि झाकणे मॅग्नेशियमची असतात. गंज काढायला लोक लोखंड व्हिनेगरमध्ये भिजत ठेवतात; मॅग्नेशियम त्यात विरघळू लागते. रॉकेल आणि ब्रश पुरे. जुन्या सायलेन्सरची गॅस्केटे ॲस्बेस्टॉसची असू शकतात, म्हणून ती कोरडी खरवडू नयेत. ओली करून काढावीत आणि मास्क लावावा.

रंग लावावा का? शक्यतो नाही. मूळ रंग, झिजलेली अक्षरे, कडांना उघडा पडलेला धातू यांत यंत्राचा वापर नोंदलेला असतो आणि जाणकार खरेदीदारही त्यालाच जास्त किंमत देतो. गंजाने खाल्लेला हँडल किंवा ब्रॅकेट रंगवायला हरकत नाही. पूर्ण नवा रंग फक्त अशा यंत्राला द्यावा, ज्याचा मूळ रंग उरलेलाच नाही.

यंत्र पहिल्यांदा चालू झाले की एक मिनिट आयडलवर, मग थोडी रेस, मग थांबून प्लग पाहणे. पूर्ण रेसला, लाकडाबाहेर, आवाज किंचित फुटका आणि अडखळता हवा. त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल पुरेसे आहे. बार लाकडात दाबला की तोच आवाज स्वच्छ झाला पाहिजे. लाकडाबाहेरच आवाज तलम आणि उंच असेल तर एचची सुई लगेच उघडावी. कानाला गोड वाटणारा तो आवाजच पिस्टन खातो.

चेनबाबत एक अडचण जुन्या यंत्रांना कायमची आहे. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर भागिले दोन. ३/८ इंच आणि .४०४ इंच पिचची चेन आजही मिळते. ७/१६ किंवा १/२ इंचाची शोधत बसावी लागते. म्हणून यंत्र घेताना सोबतची चेन गंजलेली असली तरी सोडू नये. आठवडाभर तेलात ठेवून एकेक कडी मोकळी करता येते. .४०४ च्या दाताला ५.५ मिलिमीटरची गोल कानस चालते आणि प्रत्येक दातापुढचा खोली ठरवणारा उंचवटा दातापेक्षा किंचित खाली ठेवतात. पुष्कळ जुन्या यंत्रांत चेनला तेल आपोआप जात नाही. अंगठ्याने बटण दाबत राहावे लागते, आणि नवी चेनसॉ वापरलेला माणूस ते हटकून विसरतो.

आणि जे या यंत्रांत नाही, त्याची जाणीव हवी. चेन ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. श्टीलचा १९७२ मध्ये, हुस्क्वर्नाचा आपोआप लागणारा ब्रेक १९७३ मध्ये. त्याआधीच्या यंत्राच्या बारचे टोक लाकडात अडकून उसळले तर त्याला थांबवणारे काहीही नसते. थरथर शोषणारे रबरही जुन्या मॉडेलांत नाही. १९६० च्या दशकात जपानमधल्या जंगल-कामगारांत बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर दिसला, तो याच थरथरीमुळे. म्हणून जुन्या यंत्राने सलग काम करू नये. चार-पाच काप, मग विश्रांती. बारचे टोक कधीही लाकडाला लावू नये, खांद्याच्या वर यंत्र धरू नये, कानाला संरक्षण, डोळ्यांना चष्मा आणि पायांना चेन अडवणारी विजार हवीच. ही विजार चेनच्या ठरावीक वेगासाठी बनवलेली असते, पहिल्या वर्गाची सेकंदाला २० मीटरपर्यंत. शंभर सीसीच्या वरच्या जुन्या इंजिनाची ओढ तिला भारी पडू शकते. जुनी यंत्रे जमिनीवर नीट अडकवलेला ओंडका कापण्यासाठी वापरावीत. उभे झाड पाडायला आधुनिक यंत्र घ्यावे.

महाराष्ट्रात तर झाड पाडण्याआधी कायदा पाहावा लागतो. ग्रामीण भागाला १९६४ चा वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आणि शहरांना १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे; स्वतःच्या आवारातल्या झाडालाही परवानगी लागू शकते. यंत्राची परीक्षा घ्यायला वखारीतून आणलेला ओंडका पुरतो. परदेशातून जुनी चेनसॉ आणू पाहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: ज्या इंजिनात कधीकाळी पेट्रोल होते आणि ज्याला त्याचा वास येतो, ते विमानातल्या सामानात स्वीकारत नाहीत. ते मालवाहू मार्गानेच पाठवावे लागते.

काम झाल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आयडलवर बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. प्लगच्या भोकात थोडे ऑइल सोडून दोरी दोनदा हळू ओढावी. बारची खाच साफ करून बार उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. वर्षातून दोन-तीनदा यंत्र चालवावे, पण नुसते फिरवून ठेवू नये, लाकडात घालून नीट तापू द्यावे. प्रत्येक यंत्राच्या हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधावी: मॉडेल, सिरियल नंबर, प्लगचा नंबर, ऑइलचे प्रमाण, चेनची पिच, जाडी आणि ड्राइव्ह लिंकची संख्या, दोन्ही सुया किती फेरे उघड्या आहेत, आणि कॉम्प्रेशनचा आकडा तारखेसह. चेन मागवताना दुकानदार हीच माहिती विचारतो. कॉम्प्रेशनचा आकडा दर वर्षी त्याच चिठ्ठीवर खाली लिहीत गेल्यास कुठल्या इंजिनाच्या रिंगा बदलायची वेळ आली ते आधीच कळते.